मास्तरीणबाईंची दोन विमानं

फ्लाइंग क्लबातल्या मास्तरीणबाईंना एकाच आठवड्यात दोन विमान कंपन्यांनी नोकरी देऊ केली, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी चेष्टा करतंय असंच त्यांना आधी वाटलं. वाटण्यासारखंच होतं ते. इतकी वर्षं त्या दोन आसनी, खुळखुळणाऱ्या विमानात उजवीकडे बसून दुसऱ्यांना उडायला शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं खांद्यावर सोनेरी पट्ट्या मिरवत जगभर फिरत होती आणि बाई आपल्या जिथल्या तिथे. आधी कंपन्यांची भरती बंद होती, मग लेक झाली, मग वय आडवं आलं. आता तो नाद सोडला, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अर्ज मात्र गुपचूप करतच होत्या.

आणि आता एकदम दोन! वैमानिकाचे पाय जमिनीवर नसतात यात नवल नाही, पण बाई स्वयंपाकघरातसुद्धा तरंगत होत्या. चहात साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि आनंदाच्या दिवशी बोलू नये म्हणून गप्प बसल्या.

पहिली कंपनी बडी. अवाढव्य विमान, समुद्रापलीकडची उड्डाणं, आणि मुख्य तळ याच शहरात, घरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरी कंपनी लहान. पंख्यांची बेताची विमानं, डोंगरातल्या आणि बेटांवरच्या गावांना जाणारी. तिचा तळ लांबच्या गावी, म्हणजे आठवड्यातले चार दिवस तिकडेच मुक्काम. दोघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

घरात मात्र प्रश्न निकालात निघाला होता. सासूबाईंनी वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर आणि कोपऱ्यावरच्या शिंप्यालाही सांगून टाकलं, "आमची सून आता जंबो चालवणार." लेकीला घरात सगळे टकळी म्हणत, कारण तिच्या तोंडाला झोपेतच काय ती विश्रांती. मोठ्या विमानात वैमानिकांना झोपायला खरंखुरं अंथरूण असतं, हे कळल्यावर तिने वर्गात भाव खाऊन घेतला. एक नवरोबाच तेवढे काही बोलले नव्हते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि बोलण्यापेक्षा बघणं हा त्यांचा स्वभावच होता.

बाईंचं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठ्या विमानात लांबचा प्रवास, एका खेपेला तीन-चार वैमानिक, आणि उतरवायचं ते एकदाच. नव्या को-पायलटच्या वाट्याला महिन्याकाठी एखादी धावपट्टी आली तरी नशीब. लहान विमानात एका दिवसात चार-पाच वेळा उतरायचं. आणि बाईंचा सगळा जीव विमान उतरवण्यात. जमीन वर येते, येते, आणि शेवटच्या क्षणी तिला 'थांब जरा' म्हणायचं. चाकं टेकली हे मागे बसलेल्याला कळूसुद्धा नये. त्या एका क्षणासाठी त्या रोज पहाटे आनंदाने उठत. विद्यार्थी उतरवत असला की हात मांडीवर ठेवून गप्प बसावं लागे, आणि मास्तरकीतलं सगळ्यात अवघड काम तेच, असं त्या म्हणत.

पण हे घरात सांगायचं कसं? लेकीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, आणि आपण म्हणायचं, मला विमान उतरवायला आवडतं, सबब मी चार दिवस घरी नसेन? नुसता पोरखेळ!

इथे त्यांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. विमानात दोघं असले की चालवतंय कोण, यात घोळ होऊन चालत नाही. म्हणून एकाने म्हणायचं, "विमान तुझ्याकडे," आणि दुसऱ्याने म्हणायचं, "विमान माझ्याकडे." हे उत्तर कानावर पडेपर्यंत पहिल्याने हात सोडायचा नाही. बाईंनी हा नियम घरातही लागू केला होता. दूध तुझ्याकडे, दूध माझ्याकडे. सासूबाई सुरुवातीला नुसतं "हो हो" म्हणायच्या. "हो म्हणून चालत नाही, आई," असं सूनबाई त्यांना समजावत होत्या, तेवढ्यात दूध उतू गेलं. तेव्हापासून सासूबाईही शब्द चुकत नसत.

गुरुवारी दुपारी बाई तडक दुकानात गेल्या. भिंतभर फ्रेमा, काउंटरवर ओळीने छोटे आरसे, आत डोळे तपासायची खुर्ची. एक आजोबा पुढे बसून फ्रेमा लावून बघत होते. नवरोबा आत भिंग पुसत होते.

"निर्णय तुझ्याकडे," बाई म्हणाल्या.

नवरोबा भिंग पुसत राहिले.

"मी म्हटलं, निर्णय तुझ्याकडे!"

"ऐकलं की."

"मग?"

"मग काय? मी घेतला नाही. म्हणजे अजून तुझ्याकडेच आहे. सोडू नकोस, आपटेल."

बाईंचा असा तिळपापड झाला! त्यांचाच नियम त्यांच्याच गळ्यात. पण नवरोबांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि तपासणीची ती जाडजूड रिकामी फ्रेम नाकावर चढवली. गिऱ्हाइकापुढे दोन भिंगं धरून "पहिलं की दुसरं?" विचारायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. बरोबर कुठलं, असं कुणी उलट विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "डोळे तुमचे, मी काय सांगू?"

"मोठी कंपनी," ते म्हणाले. "पहिला दिवस कसा असेल, सांग."

बाईंनी सांगितलं. गणवेश, भलंमोठं विमान, रात्रभराचं उड्डाण, समोर पडदे, पडद्यांवर आकडे. सगळं छान होतं. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी नोकरीचं सांगत असल्यासारख्या सांगत होत्या.

"आता लहान कंपनी."

"सकाळी खिंडीत धुकं असणार," बाई म्हणाल्या. "ते विरायची वाट बघायची. मग दोन डोंगरांमधून आत शिरायचं. धावपट्टी आखूड, आणि वारा मेला नेमका आडवा! म्हणजे नाक वाऱ्याकडे ठेवायचं, आणि अगदी शेवटी..."

बोलता बोलता उजवा हात हळूच छातीकडे आला. डावा हात काहीतरी मागे ओढायला लागला. खुर्चीखाली पाय दाबले जाऊ लागले. फ्रेम घसरून नाकाच्या शेंड्यावर आली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दारातून दिसणाऱ्या आरशांत एक बाई लहान मुलीसारखी हसत होती, आणि ती आपणच आहोत हे त्यांना जरा उशिराच कळलं.

"पहिलं की दुसरं?"

"पण घर—"

"ते नंतर. पहिलं की दुसरं?"

"दुसरं!" बाई ओरडल्याच.

"मलाही दुसरीच बरी वाटतेय," बाहेरून आजोबा म्हणाले. "पहिली नाकाला टोचते."

संध्याकाळी लेकीची वेणी घालता घालता बाईंनी घरात सांगून टाकलं, आणि वर बजावलं, "यात त्याग-बिग काही नाही हं. मला हौस आहे, म्हणून जातेय."

"अगं, मी शिंप्याला सांगून बसले ना!" सासूबाई म्हणाल्या. मग क्षणभर विचार करून म्हणाल्या, "बरं. आता सांगते, आमच्या सुनेनं बड्या कंपनीला नाही म्हटलं. हे तर त्याहून भारी."

टकळी मात्र गप्प झाली होती. टकळी गप्प, म्हणजे गोष्ट साधी नव्हे.

"चार दिवस माझी वेणी कोण घालणार?" तिने पुढे बघतच विचारलं.

बाईंच्या बोटांत तीन पेड होते आणि बोटं पुढे चालेनात. तेवढ्यात नवरोबा मागे येऊन बसले आणि त्यांनी ते पेड बायकोच्या बोटांच्या वरून धरले.

"म्हण," ते म्हणाले.

"घर तुझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"घर माझ्याकडे."

"आणि वेणी?" टकळीने विचारलं.

"वेणी माझ्याकडे."

मग बाईंनी हात सोडला. वेणी पहिल्याच पेडाला डावीकडे कलली, मध्ये सैल झाली, एक बट तर सुटून कानावर आली. बाईंची बोटं शिवशिवत होती. पण त्या हात मांडीवर ठेवून, डोळे पुसत, हसत, शेवटच्या गाठीपर्यंत गप्प बसून राहिल्या.