शेक नाही, बर्फ

"प्रणवचा हा गुडघा आता टार्गेट जॉइंट झालाय," नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. टार्गेट जॉइंट म्हणजे ज्या सांध्यात पुन्हा पुन्हा रक्तस्राव होतो तो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, माझ्या मुलाला जन्मापासूनच आहे. तो आमच्या अंगवळणी पडला होता. पण चौदाव्या वर्षी डावा गुडघा वाकलेलाच राहू लागला.

"आत्ता फिजिओथेरपी केली नाही, तर असाच आखडेल," डॉक्टर म्हणाले.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश, असं मला वाटायचं. तसं नसतं. आधी फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचं इंजेक्शन. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या जोरावर दाबायची, सोडायची. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं लोळतंय.

पाथर्डीहून आलेल्या माझ्या नणंदबाईंनाही तेच वाटलं. मी राहात्याच्या बाजारात पेरूच्या गाळ्यावर असताना त्यांनी वाळू तापवून गुडघा शेकला, वर तेल चोळलं. आमच्याकडे दुखऱ्या सांध्याला पहिला शेकच देतात. हिमोफिलियात मात्र शेकल्या-चोळल्यानं आतला रक्तस्राव वाढतो. संध्याकाळी गुडघा टम्म फुगला होता. पुन्हा एसटीनं नगर, पुन्हा फॅक्टर, बर्फ आणि व्यायाम बंद. सूज उतरल्यावर सगळं पहिल्यापासून.

मी भांडले नाही. तेवढं त्राणच नव्हतं. पुढच्या खेपेला त्यांना सोबत नेलं.

"येवढं दाबून काय व्हतंय?" त्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारलं.

"मावशी, तुम्हीच करून बघा ना," ती म्हणाली.

नणंदबाई पलंगावर पाय पसरून बसल्या आणि गुडघ्याखालची गुंडाळी दाबू लागल्या. थोड्याच वेळात त्यांची मांडी थरथरायला लागली.

"बया, लई जड हाय की."

"आणि तू म्हणत हुतीस मी लोळतो," प्रणव म्हणाला.

तुमच्या घरी असा मुलगा असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा: शेक नाही, मालिश नाही. त्यांना वाईट वाटलं तरी चालेल.

गुडघा पूर्ण सरळ झालेला नाही. थोडा बाक राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कधी बरा होईल, हे विचारणं मी सोडलं. व्यायाम झाला का, एवढंच विचारते. आता चालताना टाच तरी जमिनीला टेकते. परवा सुटत्या एसटीमागे तो लंगडत का होईना, पळाला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.