मुलमुले काकांची रंगीत तालीम

मुलमुले काका मला पहिल्यांदा दिसले ते दोन सुटकेसा, पाण्याची सुरई आणि काकूंना घेऊन घरी परतताना. शेजारधर्म म्हणून मी विचारलं, "कुठून आलात?"

"कुठूनच नाही, बेटा. इंदूरची रंगीत तालीम होती."

मला वाटलं, रायपूरच्या उन्हानं डोकं फिरलेलं दिसतंय. तेव्हा राज्य नवं होतं आणि रायपूर त्याची नवी राजधानी. आमचं सरकारी ऑफिस जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं, त्यामुळे कोणाचं डोकं फिरलं तर मला नवल वाटत नसे. पण काका पूर्ण शुद्धीवर होते. जन्मभर रेल्वेत लोकांच्या गाड्या वेळेवर सोडलेल्या या माणसाचा सिद्धांत होता, "बिना तालमीचं नाटक पडते, मंग प्रवास काहून नाही पडनार?"

प्रवास एकच होता, तीन दिवसांचा. काकूंचे वडील इंदुरात कापडगिरणीत होते. काकू त्या गिरणीच्या भोंग्यावर उठत, न्हात, शाळेत जात. लग्न होऊन इकडे आल्या, पुढे माहेर मिटलं आणि गिरणीही बंद पडली. इंदूर मात्र झकास चाललंय, असं ऐकू यायचं. "ते गिरनीची चिमनी पाडाच्या आधी एक डाव पाहू द्या मले," एवढंच काकूंचं मागणं होतं.

काकांनी ते फारच मनावर घेतलं. एका वहीत मिनिटामिनिटाचा बेत लिहिला. पोहे कुठे, जिलेबी किती, भोपाळला गाडी बदलताना कोणती सुटकेस कोणाच्या हातात. मग दर महिन्याला तालीम. सामान घेऊन स्टेशनावर जायचं, ठरलेल्या बाकावर बसून पुऱ्या आणि लोणचं खायचं, गाडी आली की वहीत खूण करायची आणि घरी यायचं. गोल बाजारातून घेतलेली नवी सुरई तालमीतच फुटली. काका खूश! "पाह्यलं? खऱ्या टायमाले फुटली असती त?"

काकू म्हणायच्या, "तालीमच करून राहिले तुमी. पडदा कधी उघडनार?"

शेवटी काकांच्या रेल्वेच्या फुकट पासाची मुदत संपत आली आणि खरा दिवस उजाडला. मी दोघांना दहीसाखर दिली. दोन तासांनी पाहते तर दोघं दारात, काका कुलूप उघडताहेत! बाकावर बसले, पुऱ्या खाल्ल्या, गाडी आली, खूण केली आणि सवयीनं घरी आले. कुलूप निघाल्यावर काकू एकदम ओरडल्या, "अहो, आज त खरी होती ना!"

काका मटकन सुटकेसवर बसले. मग दोघं इतकी हसली की सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, गोळा झाला. पण हसून झाल्यावर काकूंनी पदराला डोळे पुसले, ते पाणी हसण्याचं नव्हतं. काकांनीही ते पाहिलं.

त्याच हिवाळ्यात काका गेले. एवढी एकच गोष्ट त्यांनी तालमीवाचून केली. मला त्यांचा फार राग आला.

वर्षभरानं मी रजा टाकली आणि काकूंना घेऊन इंदूरला निघाले. वही माझ्या हातात. गाडी हलेपर्यंत काकूंनी खिडकीची सळई सोडली नाही. इंदुरात सगळं वहीबरहुकूम मिळालं. पोहे मिळाले, जिलेबी मिळाली. जिलेबीपुढे लिहिलं होतं, 'शालू दोन, मी एक. माझ्यातली अर्धी ती खाईल.' काकूंनी अडीच खाल्ल्या.

मग गिरणी आली. फाटकाला गंज, आत कमरेएवढं गवत, बाहेर मोबाइलची दुकानं आणि हीऽ गर्दी. चिमणी मात्र उभी होती. मी वहीत पाहिलं आणि वही काकूंपुढे धरली.

'इथे शालू रडेल. वेळ दहा मिनिटे. रुमाल माझ्या उजव्या खिशात.'

काकू फाटकाला धरून रडल्या. मी त्यांना माझी ओढणी दिली आणि घड्याळाकडे बघितलंच नाही. काकूंनी मात्र बघितलं.

"पंधरा मिनिटं झाले न, बेटा?" नाक पुसत त्या म्हणाल्या. "चाल लवकर. पाच मिनिट लेट होऊन राहिलो आपन. ते रागवतीन."