कप्तानानं शिडं उभारली

गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणत. आता कप्तान म्हटल्यावर माणसानं निदान एकदा तरी बोटीत पाय ठेवलेला असावा की नाही? या गृहस्थानं समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि घरी येऊन लाकडाच्या पट्ट्यांची छोटी छोटी शिडाची जहाजं बनवायची, एवढंच त्याचं दर्यावर्दीपण. पन्नाशी उलटली, लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. जहाजं मात्र होत गेली. कपाटावर, खिडकीत, फ्रीजच्या डोक्यावर, जागा मिळेल तिथे नांगर टाकून उभी होती.

हात मात्र सोन्याचा. काडीएवढ्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, बोटांनी हळूहळू वाकवायच्या, सांगाड्यावर चिकटवायच्या आणि गोंद सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ठेवायच्या. दोर म्हणजे मेण लावलेला शिवणाचा दोरा. सगळं कसं जिथल्या तिथं. पण एकाही जहाजाचं शिड उभारलेलं नसे. सगळी शिडं आपली गुंडाळून बांधलेली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एवढ्याशा जहाजाला कापड जाड दिसतं हो." खरं कारण त्याचं त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

आणि मग शिट्टी वाजायची.

शिट्टी अण्णांची, म्हणजे त्याच्या वडिलांची. अण्णा शाळेत ड्रिलमास्तर होते. त्या शिट्टीवर पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या डावी-उजवीकडे वळल्या. मग म्हातारपणी एकदा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोड्या दिवसांत चालतील. अण्णा चालले नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि सांगितलं, हाड तर झकास जुळलंय. अण्णा म्हणाले, "मग त्यांनीच चालून दाखवावं."

तेव्हापासून पाणी हवं, शिट्टी. पंखा नको, शिट्टी. कूस बदलायची, शिट्टी. कधी नुसतीच. कप्तान हातातली पट्टी टाकून धावत जायचा, तर अण्णा म्हणायचे, "काही नाही. आहेस का बघितलं." परत येईपर्यंत वाकवलेली पट्टी निसटून सरळ झालेली असायची. वर टोमणा होताच. "लोकांची पोरं लोकांच्यात काड्या करतात, आमचं ध्यान घरात बसून काड्या चिकटवतंय." दोघांचं जग म्हणजे दोन खोल्या आणि मधला उंबरठा. दुपारी कप्तान दुकानात असला की शेजारच्या काकू एकदा डोकावून जात, तेवढीच काय ती तिसऱ्या माणसाची ये-जा.

एके दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. चष्म्याची काडी मोडली होती. हे गृहस्थ बंदराच्या गावातल्या संग्रहालयाचे व्यवस्थापक निघाले. मालकानं हौसेनं काचेच्या कपाटात ठेवलेलं कप्तानाचं जहाज त्यांनी पाहिलं आणि चष्मा विसरून ते तिथेच वाकून उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

मालकानं मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"आमच्याकडे अशी कपाटं भरून पडलीयत," ते कप्तानाला म्हणाले. "जुनी. दोर कुजलेत, डोलकाठ्या मोडल्यात. हात लावायला माणूस मिळत नाही. येता का? वर्षभराचं तरी काम आहे. राहायला खोली देऊ. खिडकी उघडली की समोर पाणी. सोमवारपर्यंत कळवा, म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी कप्तान चालत चालत स्वतःच्या घरावरून पुढे निघून गेला. कोपऱ्यावर लक्षात आलं, तेव्हा माघारी फिरला.

त्यानं ताईला बोलावून घेतलं. थोरली बहीण, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. "मी येऊन राहीन रे," ती म्हणाली. "तू जन्मभर हेच करत बसायचंस का? पण यांना उचलणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझी कंबर कामातून गेलीय. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेले तरी पुरे, बाकी मी बघते." दोघांनी मिळून अण्णांना उभं केलं. अण्णांचे गुडघे वाकले, आणि तिघंही फतकल मारून जमिनीवर.

"जा रे तू," अण्णा खालूनच म्हणाले. "मी कुठे अडवतोय? माझं काय, पिकलं पान." हे म्हणण्याची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्यानं बॅगेला हात लावू नये.

ताई म्हणाली, "आठवडाभर रोज चालवून बघ. रविवारी संध्याकाळी मी फोन करते. चालले तर सोमवारी मी हजर."

कप्तानानं रोज चालवून पाहिलं. रोज गुडघे वाकले. पण त्याच आठवड्यात त्यानं एक वेगळीच गोष्ट केली. हातात असलेल्या जहाजाला शिडं उभारली. जुना झिरझिरीत रुमाल कापून, चहाच्या पाण्यात बुडवून, बारीक टाके घालून. सगळी शिडं, अगदी वरच्या टोकापर्यंत. अण्णांना काही बोलला नाही. त्यांच्या पलंगावरून ते टेबल दिसतच नव्हतं.

रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असे. सकाळी तो जहाजाखालच्या लाकडी बैठकीला पॉलिशपेपर घासत बसला आणि वेळेचं भान राहिलं नाही. फरशीवर तांबूस भुग्याचा थर पडला होता. एरवी केर काढल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. त्या दिवशी तसाच पळाला.

दुपारी येऊन टेबलाच्या खोलीत पाय टाकणार, तोच थबकला. भुग्यात पावलं उमटली होती. अनवाणी. उजव्या पायाचा अंगठा आत वळलेला, मैदानावर कधीकाळी मोडलेला. तो अंगठा कप्तान रोज पुसत होता. पावलं उंबरठ्यापासून टेबलापर्यंत गेली होती, तिथे एकावर एक पडली होती आणि मग परत फिरली होती. सरळ रेषेत. भिंतीजवळून नव्हे, खोलीच्या मधून.

पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. चालतात! मग असा संताप आला की कानशिलं तापली. रोज काखेत हात घालून उचललं होतं. भांडं धरलं होतं. पट्ट्या निसटू दिल्या होत्या. आणि हा माणूस मधून चालत येतो?

मग त्याचं लक्ष टेबलावरच्या, दांडीवर वर-खाली होणाऱ्या भिंगाकडे गेलं. सकाळी ते खाली बैठकीवर रोखलेलं होतं. आता शिडांसमोर ओढलेलं होतं, त्याच्यापेक्षा उंच माणसाच्या डोळ्याला येईल असं वर केलेलं. जहाजावर उडालेला भुगा कुणीतरी जपून फुंकर मारून काढला होता. एकही दोरा हललेला नव्हता.

शिट्टी वाजली नाही. कप्तानानं पातेल्यात कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं आणि पलंगापाशी जाऊन बसला. चादर बाजूला केली. अण्णांचे तळवे तांबूस झाले होते. तो एकेक बोट पुसू लागला. अण्णा भिंतीकडे बघत होते.

"शिडं उभारलीस या खेपेला," ते म्हणाले.

"हो."

"छान दिसतात. कापड काही जाड दिसत नाही."

कप्तानाचा हात थांबला. "अण्णा, कधीपासून?"

"रोज नाही. तू दुकानात गेलास की, कधीतरी. बघून येतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

मैदानभर पोरांना गप्प करणारा तो आवाज अगदीच बारीक झाला. "भीती वाटते रे. तू गेलास की परत यायचा नाहीस."

असं काय बोलता, म्हणायला कप्तानानं तोंड उघडलं. तेवढ्यात स्वतःच्या पलंगाखालची बॅग त्याला आठवली. वर्षभराच्या कामासाठी त्यानं तिच्यात झाडून सगळी हत्यारं भरली होती, कपाटावरची दोन जहाजंसुद्धा गुंडाळून ठेवली होती. आठवडाभर तो खिडकीचा विचार करत होता, पाण्याचा करत होता. परत येण्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता. म्हाताऱ्यानं नेमकं ओळखलं होतं. चालत्या बापाला ताईवर सोपवून जाता आलं असतं. पण आपण जाऊ नये म्हणून पांगळा झालेल्या बापाला कुणावर सोपवायचं?

फोन वाजला. ताईचा होता.

"काय रे, चालले का अण्णा?"

कप्तानानं हातातल्या ओल्या पावलाकडे पाहिलं. अण्णा आता त्याच्याकडे बघत होते.

"नाही गं," तो म्हणाला. "कुठले चालतायत."

अण्णांनी दोन्ही पाय, आपले आपण, हळूच चादरीत ओढून घेतले.