फांद्या ओढणारीचा डोळा

यागोदाचा डावा डोळा करवतीनं नेला, असं आमच्या गावात सगळे सांगतात. साफ खोटं! नेला तो फांदीनं. तिचा नवरा विंको हेल्मेटची जाळी तोंडावर ओढून झाड तोडत होता आणि ही डोक्याला नुसता रुमाल बांधून शेजारी फांद्या ओढत होती. वाकून दबलेली एक फांदी विंकोनं कापली, ती सुटली आणि हिच्या तोंडावर बसली. आमच्याकडची रीतच तशी. इंजिनाची करवत पुरुषाची, हेल्मेट करवतीबरोबर येतं म्हणून तेही पुरुषाचं, आणि फांद्या बायकोच्या. बायकोच्या डोळ्यांचं काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विंको गेला तो मात्र अंथरुणात, झोपेत. रिस्न्याक डोंगराच्या उतारावर बीच झाडांच्या जंगलाचा एक तुकडा हिच्यासाठी मागे ठेवून गेला. दफनाची प्रार्थना उरकून माणसं घरी परतायच्या आत हिचा दीर लोव्रो येऊन बसला. म्हणाला, जंगल मी तोडतो, तू आमच्या नेवेन्काबरोबर फांद्या ओढ, हिवाळ्यापुरती लाकडं तुला घरपोच देतो. नेवेन्का म्हणजे त्याची बायको. ती दाराशी उभी होती, नेहमीसारखी गप्प.

यागोदानं त्याला राकिया दारूचा पेला भरून दिला आणि शांतपणे म्हणाली, "एक डोळा तुझ्या भावाला दिला, लोव्रो. दुसरा तुला देणार नाही."

"मग तोडणार कोण?"

"मी."

त्या संध्याकाळी गुत्त्यावर दुसरा विषय नव्हता. एका डोळ्याला अंतर कळत नाही, बाई पाय तोडून घेईल, असं जो तो सांगत होता. ज्यांनी जन्मात सुतारपक्ष्याएवढं लाकूड फोडलं नसेल तेही सांगत होते. मला इतका संताप आला की मी दुसऱ्याच दिवशी माझी गाडी काढली आणि तिला शहरात करवतीच्या दुकानात घेऊन गेले. विंकोची करवत तिला फारच मोठी होती.

दुकानदारानं आधी गुलाबाची झुडपं छाटायला बरी अशी चिमुकली करवत पुढे केली. बायका हीच नेतात म्हणे. यागोदा हलेना, तेव्हा चिडून भिंतीवरची सगळ्यात लांब पात्याची काढली. यागोदानं दोन्ही बाजूला सारल्या. माझी झाडं मांडीएवढी आहेत, म्हणाली, पातं त्यापेक्षा चार बोटं जास्त हवं, चाळीस सेंटीमीटरचं, आणि त्याला नीट फिरवेल असं मधलं इंजिन. पातं उगाच लांब घेतलं तर झाडापलीकडे टोक कशाला लागतंय ते दिसत नाही, आणि लागलं की करवत उसळून तोंडावर येते. "मला तर आधीच निम्मं दिसतं," हे वर.

मग तिनं जाळीची दोन हेल्मेटं मागितली, आणि जाळीतून येणारा बारीक भुसा अडवायला आत घालायचे दोन चष्मे. दुकानदार म्हणाला, बाई, करवत तर एकच आहे. ती म्हणाली, डोकी दोन आहेत. दुसरं डोकं माझं होतं, हे मला तिथेच कळलं.

नोव्हेंबरात उतारावर सगळं गाव लाकडाला भिडलं. आमच्या शेजारच्या तुकड्यात लोव्रो. भावाची आठवण म्हणून त्यानं विंकोच्या मोठ्या करवतीचं लांबलचक पातं नेलं होतं आणि ते आपल्या लहान करवतीला बसवलं होतं. नाकापेक्षा मोती जड! इंजिनाला धाप लागत होती, चेन अडत होती, टोकापर्यंत तेल पोचत नव्हतं, लाकडातून धूर निघत होता. इकडे यागोदाची तीन झाडं आडवी झाली होती. माणसं हसायला लागली तसा लोव्रो जास्तच भडकला आणि दिसेल त्या फांदीवर करवत चालवू लागला. पडलेल्या खोडाखाली एक कोवळं झाड धनुष्यासारखं वाकून दबलं होतं. त्यावर त्यानं पातं टेकवलं, आणि समोरच नेवेन्का उघड्या चेहऱ्यानं फांद्या गोळा करत होती.

यागोदानं आपली करवत बंद केली, तरातरा गेली आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"हेल्मेट तिला दे."

"वहिनी, बाजूला हो. वीस वर्षं तोडतोय मी. कुणाला काही झालेलं नाही."

यागोदानं आपलं हेल्मेट काढलं, डोळ्यावरची काळी पट्टी वर सरकवली. ती जागा गावात कुणीच पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही.

"इकडे बघ आणि पुन्हा म्हण," ती म्हणाली. "कुणाला काही झालेलं नाही, म्हण."

लोव्रोनं डोक्यावरचं हेल्मेट काढून पाल्यात आपटलं. नेवेन्कानं ते उचललं, झटकलं, रुमालावरून डोक्यात घातलं, जाळी खाली ओढली आणि जवळच्या खोडावर जाऊन बसली.

"ऊठ," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी दुसरं घेऊन ये," नेवेन्का म्हणाली. "मग उठते."

तिच्या तोंडून नवऱ्याला असं वाक्य गेलेलं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. लोव्रो इकडे तिकडे बघत होता, कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. शेवटी शिव्या देत तो उतार उतरला आणि खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मला तर नाचावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "जिंकलीस गं बाई!"

यागोदा पट्टी नीट करत होती. तिची नजर नेवेन्कावरून हलत नव्हती.

"मीही तेव्हा एवढंच करायला हवं होतं, टोन्का," ती म्हणाली. "नुसतं खाली बसायचं होतं."