सहाशे एक्केचाळीसचा भागाकार

लवू मास्तर सावर्ड्याकडच्या कुणब्यांतले. भाऊ मुंबईला गिरणीत गेले. हे शिकले आणि राजापुरात शाळामास्तर झाले. १९२२ साली एका जुन्या पुस्तकात त्यांना संख्यांची एक माळ भेटली: तीन, पाच, सतरा, दोनशे सत्तावन्न, पासष्ट हजार पाचशे सदतीस. पाचही मूळ संख्या. स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेच निःशेष भाग न जाणाऱ्या. संख्येतून एक वजा करायचा, उरलेल्याचा वर्ग करून एक मिळवायचा, की पुढची तयार. सहावी येत होती ४२९४९६७२९७. ती मूळ की नाही, हे पुस्तकात नव्हते.

"मी शोधतो," मास्तर बायकोला म्हणाले.

"त्यानं काय व्हईल?" गोदाने विचारले.

"खरं काय ते कळंल."

तिच्या वर्गमुळाच्या, म्हणजे पासष्ट हजार पाचशे छत्तीसच्या आतल्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर ती मूळ ठरणार होती. अशा साडेसहा हजार संख्या. शाळा सुटली की ओटीवर बसून रोज दोन-तीन भागाकार. ताकाचे भांडे शेजारी तसेच राही.

१९३१ च्या शिमग्यात ६५५२१ चा शेवटचा भागाकार झाला. बाकी उरली. "मूळ हाय गो!" मास्तर ओरडलेच. गोदाने घावणे घातले. मास्तरांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना सुवाच्य अक्षरात पत्र लिहिले.

महिन्याने कार्ड आले. 'आपली चिकाटी थोर आहे. परंतु ६४१ ला ६७००४१७ ने गुणून पाहावे. युरोपात हे दोनशे वर्षांपूर्वीच सापडले आहे.'

मास्तरांनी पाटीवर गुणाकार केला. दहाही अंक जुळले.

मग त्यांनी पहिली वही काढून ६४१ चा भागाकार उघडला. २६७२ मधून २५६४ गेले, की १०८ उरतात. तिथे ११८ लिहिले होते. तिसरीच्या पोरांना रोज बजावत, तो हातचा ते स्वतःच विसरले होते. पुढच्या नऊ वर्षांतला एकही भागाकार चुकला नव्हता.

पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. त्या आठवड्यात त्यांची चार वर्षांची मुलगी काशी तापाने फणफणली होती. तिच्या उशाशी बसून मास्तर वही चालवत होते. दोन दिवसांनी ती गेली, आणि ते पान त्यांनी पुन्हा उघडले नव्हते.

"कवा चुकलं?" गोदाने विचारले.

"हाय कवातरी," म्हणून त्यांनी वही मिटली.

पावसाळा सरल्यावर गोदाच म्हणाली, "अवो, दुसरा आकडा घ्या. असं बसू नका."

"पुढला वीस अंकी हाय. सात जन्म पुरायचे नाहीत."

"मग लहान घ्या."

"लहान सगळे लोकांनी केलेत."

ती आत जाऊन चुलीला लागली. मास्तर आणखी सात वर्षे जगले. शाळेत बेरजा-वजाबाक्या शिकवत, घरी आल्यावर ओटीवर नुसते बसून राहत. कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देत.