अप्पाच्या मागं पिळलेला स्क्रू

आता सांगतोच. पन्नास वर्षं होत आली, हे बायकोच्याही कानावर घातलेलं नाही — आणि तिच्यापासून मला तंबाखूची पुडीसुद्धा कधी लपवता आली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते, ती माझ्याकडं तेव्हाही नव्हती.

इंजिनापासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. सोलापुरात पुणे रस्त्याला ट्रक धुवायचं एक सेंटर होतं. एक डिझेल इंजिन, त्याला जोडलेला पंप, पंपाला लांब रबरी पाइप आणि पाइपाच्या टोकाला गन. गनवर मी. मोडनिंबकडून दुष्काळात बाहेर पडलेला, अंगावर दोन कपडे — पण गन हातात आली की मी स्वतःला फौजदार समजायचो. अकलूजकडून उसाचे ट्रक यायचे, चेसीला काळी माती लिंपून वाळलेली. माझी धार बसली की ढेकळं उडायची. ड्रायव्हर म्हणायचे, "धार असावी तर अशी." तेवढ्या एका वाक्यावर माझा दिवस जायचा. हसा हवं तर.

इंजिनावर सिद्रामप्पा होता. अक्कलकोटच्या पुढचा, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. मला 'तम्मा' म्हणायचा, त्यांच्याकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं. मी त्याला अप्पा म्हणायचो. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. असा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

दुष्काळाच्या पाठोपाठ डिझेलची टंचाई आली. पिंप हातगाडीवर घालून पेट्रोल पंपावर रांगेत उभं राहायचं, कधी मिळायचं, कधी मोकळं पिंप परत. मालक म्हणाले, आहे त्यात भागवा, नाहीतर सेंटर बंद. अप्पानं दोन दिवस नुसतं बघत बसून काढले. मग तीन गोष्टी सांगितल्या. ट्रक आला की लगेच धार मारायची नाही — आधी साध्या पाइपानं भिजवायचा आणि घटकाभर सोडून द्यायचा. "काळी माती हाय तम्मा. फुगू दे की तिला, आपसूक सुटती. कशाला इंजनाचा जीव काढायलास?" दुसरं, मी गन बंद केली की हात वर करायचा, तो लगेच इंजिनाची रेस उतरवणार. आणि तिसरं — पंपावर प्रेशरचा एक स्क्रू होता. जितका पिळावा तितकी धार कडक, आणि तितकाच इंजिनावर ताण. तो अप्पानं दोन आटे सैल केला आणि तिथं लाल रंगाची खूण केली. इंजिनाचा काळा धूर थांबला. डिझेल पुरायला लागलं. मालकांनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

आणि माझं काय झालं? माझी धार मऊ झाली. ट्रक तितकाच स्वच्छ निघायचा, हे मला दिसत होतं — आंधळा नव्हतो मी. पण भिजत घातलेल्या ट्रकाशेजारी उकिडवं बसून राहायचं? एक ड्रायव्हर म्हणाला, "काय रे पैलवान, खुराक कमी झाला का?" सगळे हसले. ते मला झोंबलं. इतकंच कारण आहे. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधत होतो, सापडलं नाही.

अप्पा डिझेलच्या रांगेला गेला की अर्धा अर्धा दिवस परत यायचा नाही. आठवड्यातून तीनदा, चारदा. तो गेला की इंजिन मी बघायचो — आणि पहिलं काम म्हणजे स्क्रू पिळायचो. रेस पूर्ण, भिजवणं बंद, हात वर करणं बंद. इंजिन कण्हायचं, काळा धूर ओकायचं, आणि मी ढेकळं उडवायचो. हातगाडी लांबून दिसली की स्क्रू पुन्हा लाल खुणेवर. तो तिकडं उन्हात पाच-पाच तास उभा राहून जे आणायचा, ते मी इकडं जाळत होतो.

पिंप लवकर संपायला लागलं. मालकांच्या ध्यानात यायचंच होतं. पिंपाच्या कुलपाची किल्ली अप्पाकडं. बाहेर डिझेलला मागाल ती किंमत. मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार?

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी मघापासून तेच करतोय. सांगतो.

मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. अप्पा तिथंच उभा होता. मालकांनी विचारलं, याला कधी काही घरी नेताना बघितलंस का? मी म्हणालो, "एकदा डबा नेताना बघितला." हे खरं होतं. डब्यात इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल होतं, घराच्या दाराला आणि खाटेच्या पायांना वाळवी लागू नये म्हणून. मलाच नक्की ठाऊक होतं — कारण नरसाळं धरून ते डब्यात मीच ओतलं होतं. अप्पा शांतपणे म्हणाला, "व्हय, नेला की. जळकं ऑइल हुतं. तम्माला इचारा."

मालकांनी देवाच्या फोटोपुढचा बेल आणि भंडारा माझ्या तळहातावर ठेवला. आमच्याकडं ही शपथ उचलली की पुढं वाद नाही. विचारलं, डब्यात काय होतं?

मी म्हणालो, "आत काय हुतं ते मला दिसलं न्हाय."

झालं. एवढंच वाक्य. ऑइल होतं म्हणालो असतो, तर मग डिझेल गेलं कुठं हा प्रश्न उरला असता, आणि अप्पासारखा माणूस तासाभरात स्क्रूपर्यंत पोचला असता. हे सगळं मी त्या क्षणात मोजलं होतं. जीभ घसरली वगैरे काही नाही. अप्पा माझ्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे — मी काही विसरलोय आणि आता आठवेल, असं.

त्याला त्याच दिवशी काढलं. रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात बातमी गेली. त्या दिवसांत डिझेलचोर म्हटल्यावर कोण उभं करणार? तो मार्केटात पोती उचलायला लागला. इंजिन माझ्याकडं आलं. आणि मग मी काय केलं असेल? स्क्रू लाल खुणेवर ठेवला. ट्रक भिजवायला लागलो, रेस उतरवायला लागलो, त्यानं शिकवलं होतं अगदी तसं. डिझेल पुरायला लागलं. मालक येईल त्याला सांगायचे, चोर गेला आणि पिंप पुरायला लागलं बघा. माझं शहाणपण त्याच्या चोरीचा पुरावा झालं. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. मला या मानेची अजून लाज वाटते.

महिन्याभरानं एका सकाळी त्याची बायको आली. तोच डबा घेऊन, तळाला काळं ऑइल. मालकांपुढं ठेवून म्हणाली, ह्येच नेलं हुतं, वास घेऊन बगा. मालकांनी डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग ती माझ्याकडं वळली. "भावजी, तुमी हुता की. तुमी सांगा की."

एक ट्रक भिजत पडला होता, अजून वेळ होता त्याला. तरी मी गेलो आणि इंजिनाचं हँडल मारलं. तिचा आवाज बुडावा म्हणून. पण ते इंजिन आता कण्हत नव्हतं. सैल स्क्रूवर, उतरलेल्या रेसवर ते इतकं हळू चालायचं, की तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पोती उचलून त्याच्या पाठीत भरलंय. माणसं तोंडावर चोर म्हणतात. तो अजून म्हणतो, तम्मा इसरला असंल, त्येला आटवंल.

मी तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो, ती जाईपर्यंत.

सिद्रामप्पानं डिझेल चोरलं नव्हतं. ते मी जाळलं होतं, आणि बेलभंडार हातात असतानाही मला ते माहीत होतं.