ओगराळेबाई आणि आयतोबा

नगरपालिकेच्या मोफत अन्नछत्रात बावीस वर्षं सूप वाढणाऱ्या बाईंना सगळे ओगराळेबाई म्हणत. ओगराळं हातात असताना त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती होत नसे. अपवाद एकच, धाकटा भाऊ. त्याला घरचे आयतोबा म्हणत, आणि नाव अगदी योग्य होतं.

चर्चमध्ये बाई दाराकडच्या बाकांवर बसत. तिथल्या मंडळींचं म्हणणं, चांगली कामं केल्याशिवाय तारण नाही. आयतोबा खिडकीकडे बसे. त्या बाजूचं मत असं की तारण ही देवाची कृपा, ती कमावता येतच नाही. आयुष्यात काहीच न कमावणाऱ्याला हे मत किती सोयीचं, हे बाई त्याला तीस वर्षं ऐकवत होत्या.

मग हा वाद चर्चमधून उठला आणि थेट नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. खिडकीवाले म्हणाले, वाडगा सगळ्यांना. दारवाले म्हणाले, आधी काम, मग वाडगा. बाईंनी छातीठोकपणे दारवाल्यांना मत दिलं आणि ते निवडून आले.

सोमवारी फॉर्म आला. नाव, काल केलेलं काम, पात्र की अपात्र, खाली वाढणाऱ्याची सही. रांगेत पहिला आयतोबाच.

"काल काय काम केलंस?"

"तुझ्यासाठी प्रार्थना केली, ताई."

"ते काम नाही."

"तुझा स्वभाव बघता चांगलंच जड काम आहे."

रांग हसली. बाई हसल्या नाहीत. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती, आणि नियम तर त्यांनीच मागून घेतलेला. त्यांनी 'अपात्र' लिहिलं. आयतोबाने रिकामा वाडगा परत ठेवला.

रांग संपेपर्यंत तो कोपऱ्यात बसून होता. बाईंनी स्वतःच्या वाट्याचा वाडगा भरला आणि त्याच्यापुढे आदळला.

"हा कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही. गीळ."

"आणि तू?"

"मला भूक नाही." खोटं लिहायची सवय नव्हती, बोलायला चालत असावं.

आयतोबाने जन्मात पहिल्यांदा आपणहून उठायची तसदी घेतली. दुसरा वाडगा आणला, अर्धं सूप त्यात ओतलं, थोडं टेबलावर सांडलं, ते बाहीने पुसलं आणि वाडगा ताईपुढे सरकवला.

बाई खाली मान घालून जेवल्या. मग त्यांनी उद्याचा फॉर्म काढला आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, 'बहिणीला जेवू घातलं.' त्याखाली, 'पात्र.'

"टेबल पुसलं, तेही लिही," आयतोबा म्हणाला.